खेळांचे स्मृतिदालन : एक विनंती

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त नेर येथे भरलेल्या सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सव समितीने आजच्या सभेत मला बोलावयास सांगितले, तेव्हा विषय कोणता घ्यावा हे माझ्यावरच सोपविले होते. प्रार्थना, उपवास, कुटुंबधर्म अशा विषयांवर मी प्रवचनपीठावरून वेळोवेळी बोलतच असतो. परंतु गेल्या पावसाळ्यात आपल्या तरुण मंडळींनी मजपुढे एक सूचना मांडली, व आज त्या सूचनेविषयीच बोलावे असे मी ठरविले. सूचना अशी की, धर्मग्रामाच्या सभागृहालगतची जी खोली हल्ली रिकामी पडली आहे, तीत आपल्या नेर गावच्या व तालुक्याच्या खेळांचे एक लहानसे संग्रहालय करावे. ही सूचना कानी पडताच काही वडील मंडळी हसली. खोटे कशाला बोलू, मीही हसलो. राजांच्या तलवारी, साधुसंतांच्या पादुका, जुन्या पोथ्या यांचे संग्रहालय असते हे ठाऊक होते. पण फुटका चेंडू, झिजलेला दांडू आणि गंजलेली शिट्टी यांचे संग्रहालय ते कसले? माझे हसणे पुढे का थांबले, आणि हे काम करावयाचे झाल्यास ते कोणत्या रीतीने करावे व कोणत्या रीतीने करू नये, हे आज आपणापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम महोत्सव या शब्दाकडे पाहू. जुन्या करारातील लेवीय नामक ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासाव्या वर्षाचा विधी सांगितला आहे. त्या वर्षी रणशिंग फुंकावयाचे, दासांना मोकळे करावयाचे, आणि गहाण पडलेली जमीन मूळ कुटुंबास परत द्यावयाची. आता जमीन परत द्यावयाची तर ती मूळची कोणाची होती हे कोणीतरी लक्षात ठेवले पाहिजे. म्हणजे स्मृती नसेल तर महोत्सवही नाही. ज्याचे जे होते ते त्यास परत मिळावे, हा महोत्सवाचा गाभा होय. आणि मनुष्याचे जे सर्वांत सहज हिरावले जाते ते त्याचे शेत नव्हे. त्याचे नाव होय.

पवित्र ख्रिस्तसभेने हे तत्त्व आपल्या नित्याच्या व्यवहारात उतरविले आहे. पवित्र मिस्सा ही प्रभूची स्मृतीच आहे. आपल्या कपाटात बाप्तिस्म्याची नोंदवही आहे. तीत सावकाराचे नाव जेवढ्या मोठ्या अक्षरात आहे तेवढ्याच मोठ्या अक्षरात सालदाराचे आहे. पुष्कळशा गरीब घराण्यांचा लिखित इतिहास म्हणावा तर त्या वहीतील एक ओळ एवढाच असतो. तेव्हा नाव लिहून ठेवणे हा आपल्याकडे कारकुनी व्यवहार नाही, ते प्रीतीचे एक कर्म आहे, हे ध्यानात घेऊन पुढील विवेचन ऐकावे.

आता थोडा वेळ मी आपणास दूरदेशी नेतो. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. आपल्याकडील शाळांतून मुली व मुले सॉफ्टबॉल खेळतात, त्याचाच हा थोरला भाऊ समजावा. एकाने चेंडू फेकावयाचा, दुसऱ्याने दांडक्याने तो टोलवावयाचा, आणि चौकोनाच्या चार कोपऱ्यांस स्पर्श करीत जेथून निघाला तेथे परत यावयाचे. या शेवटच्या ठिकाणास ते लोक घर म्हणतात. सुखरूप घरी परतला तर एक धाव. मोठा बोधपर खेळ आहे!

त्या देशात काळ्या वर्णाच्या खेळाडूंना गोऱ्यांच्या मोठ्या संघांत कित्येक दशके प्रवेश नव्हता. तेव्हा १९२० साली कॅन्सस सिटी या शहरात ख्रिस्ती तरुण संघाच्या, म्हणजे वाय. एम. सी. ए. च्या इमारतीत रूब फॉस्टर नामक गृहस्थाच्या पुढाकाराने काळ्या खेळाडूंचा स्वतंत्र संघमेळा स्थापन झाला. त्यांचे सामने पाहावयास लोकांची दाटी होई. पुढे १९४७ साली जॅकी रॉबिन्सन हा त्यांच्यातील खेळाडू ब्रुकलिनच्या संघातून मोठ्या मैदानात उतरला व ती भिंत ढासळली. ही आनंदाची गोष्ट खरी; परंतु त्याबरोबर जुने संघ हळूहळू मोडले, खेळाडू म्हातारे झाले, आणि त्यांचा पराक्रम केवळ त्यांच्या तोंडी उरला. जॉश गिब्सन हा त्यांतील अत्यंत नामांकित फलंदाज. रॉबिन्सनच्या त्या पहिल्या सामन्यापूर्वी अवघे तीन महिने तो वयाच्या पस्तिसाव्या वर्षी वारला. त्याला ते मैदान कधीच दिसले नाही.

१९९० साली त्या शहरातील काही जुन्या खेळाडूंनी व त्यांच्या चाहत्यांनी आपल्या खेळाचे संग्रहालय आरंभिले. त्यांच्याजवळ काय होते? एक लहानशी खोली. बक ओनील नावाचे वयोवृद्ध खेळाडू व त्यांचे सोबती आळीपाळीने आपल्या खिशातून त्या खोलीचे भाडे भरीत. १९९७ साली संग्रहालय मोठ्या इमारतीत गेले. जुन्या सामन्यांचे आकडे वर्तमानपत्रांच्या कात्रणांतून अभ्यासकांनी वर्षानुवर्षे वेचले. अखेर २०२४ साली ते आकडे त्या देशाच्या अधिकृत नोंदींत समाविष्ट झाले, आणि आयुष्यभराच्या फलंदाजीच्या सरासरीत पहिल्या स्थानी नाव आले ते जॉश गिब्सनचे. त्याच्या मृत्यूला तेव्हा सत्त्याहत्तर वर्षे झाली होती. ज्याचे जे होते ते त्यास परत मिळाले. हा महोत्सव नव्हे तर काय?

परंतु त्याच खेळाची दुसरी एक कथा आहे, व ती आपणास सावध करणारी आहे. न्यूयॉर्क प्रांतात कूपर्सटाउन नावाचे गाव आहे. तेथील बेसबॉलचे भव्य संग्रहालय १९३९ साली उघडले. तेच स्थळ व तेच वर्ष का? तर १८३९ साली अब्नर डबलडे नामक गृहस्थाने, जो पुढे सेनापती झाला, त्या गावी हा खेळ शोधून काढला असा समज होता. एका चौकशी मंडळाने १९०७ साली तसा निर्वाळाही दिला होता. त्यास आधार कोणता? मुख्यतः एका वृद्ध मनुष्याने बालपणीच्या आठवणीवरून लिहिलेली पत्रे. पुढे इतिहासकारांनी शोध केला तेव्हा आढळले की, त्या वर्षी डबलडे हा त्या गावी नव्हे, तर वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत शिकत होता. व खेळ तर त्याहून जुना, इंग्लंडातील चेंडूफळीच्या खेळांतून निघालेला. संग्रहालय आजही आहे, उत्तम आहे, आणि ती कथा खरी नव्हे हे आता तेथेही मान्य आहे. पण गावाच्या अभिमानापायी दंतकथा किती लवकर पायाचा दगड होऊन बसते, हे आपण पाहून ठेवावे.

तिसरी गोष्ट आपणा कॅथलिकांस विशेष गोड वाटेल. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेले आपले परमगुरुस्वामी लिओ चौदावे हे शिकागोचे, व त्या शहरातील व्हाइट सॉक्स नामक बेसबॉल संघाचे जुने चाहते. २००५ साली त्या संघाने १९१७ नंतर प्रथमच अजिंक्यपद मिळविले. त्या मालिकेच्या पहिल्या सामन्यास ते साध्या प्रेक्षकासारखे जाऊन बसले होते. तेव्हा ते ऑगस्टिनियन संघाचे प्रमुख होते. ते पोप झाल्यावर त्याच महिन्यात त्या मैदानाच्या व्यवस्थापकांनी त्यांच्या त्या जागेजवळील खांबावर त्यांचे चित्र लावले. मला यातील मर्म असे दिसते की, खेळाचा वारसा केवळ खेळणाऱ्यांचा नसतो. जो कडेला बसून ओरडला, ज्याने चुना टाकून रेषा आखल्या, ज्या माउलीने मुलाचा फाटलेला सदरा रात्री शिवून दिला, त्या सर्वांचा तो असतो.

आता परदेशातून परत येऊ. कारण आपल्या दाराशी जे आहे ते पाहावयास डोळे लागतात.

आपल्या गावावरून जो रस्ता अमरावतीस जातो, त्याच्या टोकाशी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. वैद्य बंधूंनी १९१४ साली ते स्थापन केले. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले असता या मंडळाच्या चमूने त्या नगरीत हुतूतू आदी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. वऱ्हाडातील तरुण, मातीत खेळावयाचा खेळ, आणि बर्लिनचे मैदान! कबड्डीस आशियाई सामन्यांत पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले ते १९९० साली, म्हणजे त्यानंतर चौपन्न वर्षांनी. खोखोचे म्हणाल तर जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, आणि पुरुषांत व स्त्रियांत दोन्ही चषक भारताने जिंकले. पुरुषांचा नायक प्रतीक वाईकर व स्त्रियांची नायिका प्रियांका इंगळे, दोघेही आपल्या महाराष्ट्राचे.

नागपूरचे सी. के. नायडू हे १९३२ साली भारताच्या पहिल्या कसोटी सामन्यात नायक होते. विदर्भाच्या संघाने २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ या हंगामांत रणजी करंडक जिंकला. ही नावे आपल्या मुलांस ठाऊक आहेत. परंतु विजय हजारे यांच्याविषयी मी या सभागृहात विचारले, तर किती हात वर होतील? सांगली येथे १९१५ साली एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्या काळी मुंबईत धर्मवार संघांचे सामने होत. त्यांत हिंदी ख्रिस्ती व इतर लहान समाजांसाठी इतरेजनांचा म्हणून एक संघ १९३७ पासून खेळू लागला. १९४३ च्या अखेरीस हिंदूंच्या संघाविरुद्ध अंतिम सामन्यात त्या संघाच्या दुसऱ्या डावात ३८७ धावा झाल्या. त्यांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. समोरच्या बाजूस त्यांचे बंधू विवेक हे होते. दोघांनी मिळून तीनशे धावांची भागी केली, तीत विवेकच्या वाट्यास अवघ्या एकवीस आल्या! मला त्या एकवीस धावा फार प्रिय आहेत. भावाला खेळता यावे म्हणून जो दुसऱ्या टोकास पाय रोवून उभा राहतो, त्याचे नाव कोणत्याही संग्रहालयात असले पाहिजे. पुढे १९५२ साली मद्रास येथे भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा नायक विजय हजारेच होते. धर्मवार संघ मांडण्याची ती रीत महात्मा गांधींस पसंत नव्हती, व १९४६ साली ती बंद पडली, हे योग्यच झाले. परंतु रीत गेली म्हणून माणसे विसरावी असे नाही.

आणि पळवणकर बाळू! चर्मकार समाजात जन्मलेले हे गोलंदाज पुण्यात साहेबांच्या मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीवर होते. संघात घेतल्यावरही त्यांना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या पात्रात मिळे. १९११ साली हिंदी संघ विलायतेस गेला, तेथे त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तथापि हिंदू संघाचे नायकपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. ज्याच्या हाताचा चेंडू चालतो पण ज्याच्या हातचा पेला चालत नाही, अशा माणसाचे स्मरण करणे म्हणजे नुसती करमणूक नव्हे. तो अंतःकरणाचा जाब आहे.

मग नेरमध्ये आपण काय ठेवणार? बंधुभगिनींनो, आपल्याजवळ आहे ते आपणास दिसत नाही एवढेच. विटीदांडू घ्या. काही वडील मंडळींस मी खेळातील मोजणी विचारली. त्यांनी झटकन सांगितले: वकट, लेंड, मूंड, नाल. हे शब्द मराठी मोजणीचे नव्हेत. पैनगंगेच्या पलीकडे आपले तेलुगू शेजारी एक, दोन, तीन, चार यांस ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. पाहा, दोन भाषांचा केवढा जुना शेजार मुलांच्या तोंडी जपून राहिला आहे! त्याला ना कपाट लागले, ना कुलूप. परंतु आता विटीदांडू खेळणारी मुलेच विरळ झाली, तेव्हा हे शब्दही या पिढीबरोबर जातील. तीच गोष्ट शंकरपटाची. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या. २०२१ च्या अखेरीस अटींवर परवानगी मिळाली, व २०२३ साली न्यायालयाने त्यासंबंधीचा कायदा वैध ठरविला. मुक्या जनावरास पीडा होता कामा नये हे मी निक्षून सांगतो. पण ज्या शेतकऱ्याने आपल्या घासातला घास देऊन जोडी वाढविली, त्याच्या बैलांची नावे, त्यांचे साज, त्यांच्या घुंगरमाळा हाही आपल्या खेळाचा इतिहासच आहे.

येथे एक आक्षेप घेतला जातो, व तो टाळून पुढे जाणे मला शोभणार नाही. एका गृहस्थाने मला तोंडावर विचारले, "फादर, कापसाला भाव नाही, घरोघर कर्ज आहे, आपल्या जिल्ह्याचे नाव साऱ्या देशात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे घेतले जाते, आणि तुम्ही चेंडूफळ्यांची खोली मांडता?" मी त्या रात्री नीट झोपलो नाही. प्रश्न न्याय्य होता. भुकेल्यापुढे चित्र ठेवणे हे ख्रिस्ताचे काम नव्हे.

त्याचे उत्तर मला एका घरी मिळाले. कर्जापायी ज्याने जीव दिला अशा एका शेतकऱ्याच्या घरी सांत्वनास गेलो होतो. घर कोणाचे हे सांगत नाही. कोनाड्यात कागदपत्रांच्या पुडक्यामागे एक लहानसा काळवंडलेला पेला होता. कोणाचा म्हणून विचारले, तेव्हा त्याची वृद्ध आई म्हणाली, "त्याचाच जी. कबड्डीत भेटला होता. चढाईला गेला की लोक उभे राहत." मग ती बराच वेळ बोलली. तोवर ती कोणाशी बोललेली नव्हती असे शेजाऱ्यांनी मागाहून सांगितले. बँकेत त्या मनुष्याचे नाव थकबाकीत होते, सरकारदरबारी मृतांच्या यादीत होते. ज्या दिवशी लोक त्याच्यासाठी उभे राहत, त्या दिवसाची नोंद कोठेच नव्हती. बंधुभगिनींनो, संग्रहालयाने कर्ज फिटत नाही. तो दावा मी करीत नाही. परंतु मनुष्य म्हणजे त्याचे कर्ज नव्हे, हे कोठेतरी लिहिलेले असावे. आणि ते जिवंतपणी त्याच्या कानावर जावे.

म्हणून मी समितीपुढे पहिली अट ही घातली आहे की, गरिबांच्या निधीतील एक पैसाही या खोलीकडे वळणार नाही. रंग, फळ्या, कपाट हे जे काय लागेल ते श्रमदानाने व स्वतंत्र वर्गणीने व्हावे. न झाल्यास काम थांबावे. थांबले तर मी दुःखी होईन, पण लज्जित होणार नाही.

एका गोष्टीची मात्र मला लाज वाटते, व ती आज मी कबूल करतो. तरुणपणी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात साहाय्यक होतो. सणापूर्वी कोठीची साफसफाई माझ्याकडे आली. कोपऱ्यात वाळवी लागलेली एक लाकडी ढाल, व्हॉलिबॉल संघाचा डागाळलेला एक फोटो आणि खेळाडूंच्या नावांची एक वही होती. मी नीटनेटकेपणाच्या भरात ते सर्व भंगारवाल्यास देऊन टाकले. दोन वर्षांनी एक म्हातारे गृहस्थ परगावाहून आले. "फादर, तो संघाचा फोटो आहे ना अजून? माझा धाकटा भाऊ त्यात बसला आहे. त्याचा दुसरा फोटो आमच्याजवळ नाही." मी काय सांगणार? भंगारवाल्याने मला किती दिले हेसुद्धा आठवत नव्हते. ते गृहस्थ रागावले नाहीत. चहा घेऊन निघून गेले. त्यांनी रागवावयास हवे होते. तेव्हा या कामास मी उदारपणाने नव्हे, प्रायश्चित्त म्हणून हात लावीत आहे असे समजा.

आता योजना थोडक्यात सांगतो.

पहिले काम नोंदवहीचे. कोणतीही वस्तू आली की तिला क्रमांक द्यावा. कोणी दिली, केव्हा दिली, दान दिली की ठेव म्हणून दिली, हे लिहून देणाऱ्याची सही घ्यावी. ठेव असेल तर मागेल त्या दिवशी परत करावी. या बाबतीत ढिलाई झाली तर पुढल्या पिढीत भांडणे होतील.

दुसरे काम नावांचे, व हे सर्वांत निकडीचे आहे. घरोघरी संघांचे जुने फोटो आहेत. त्यांत कोण कोठे बसले आहे हे सांगणारी एकदोन माणसेच उरली आहेत. वस्तू उद्या आली तरी चालेल, नाव मात्र आजच विचारले पाहिजे. फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. शाईच्या लेखणीने नव्हे, कारण शाई पुढच्या बाजूस उमटते. चिकटपट्टी लावू नये. प्लास्टिकच्या चिकट पानांच्या वहीत डकवू नये. लॅमिनेशन तर मुळीच करू नये, ते पुन्हा निघत नाही.

तिसरे काम राखणीचे. आपले शत्रू तीन: ओल, ऊन आणि वाळवी. कपाट भिंतीस टेकवू नये व जमिनीपासून वर ठेवावे. फोटोंवर थेट ऊन पडू देऊ नये. कागदपत्रे स्वच्छ सुती कापडात गुंडाळावी. पावसाळ्यात दर आठवड्यास कोणीतरी डोळ्यांनी पाहून वहीत सही करावी.

चौथे काम साक्षींचे. वृद्ध खेळाडू, पंच, शिक्षक यांचे बोलणे त्यांच्या संमतीने मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे, व त्याच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्या. घाई करू नये. म्हाताऱ्या माणसास गप्प बसावयास वेळ द्यावा. पुष्कळदा खरी गोष्ट त्या गप्प बसण्यानंतर येते.

पाचवे काम सत्याचे. कूपर्सटाउन विसरू नका. प्रत्येक मजकुराखाली लिहावे की हे लिखित पुराव्याने सिद्ध आहे, की कोणी स्वतः पाहिलेले आहे, की केवळ ऐकीव आहे. आपला संघ हरला असेल तर हरला असे लिहावे. "तालुक्यात पहिला", "जिल्ह्यात एकमेव" असले शब्द पुराव्यावाचून भिंतीवर येता कामा नयेत. आठव्या आज्ञेत खोटी साक्ष वर्ज्य केली आहे. तीत संग्रहालयाच्या पाट्यांस सूट दिलेली नाही.

सहावे, ही खोली केवळ कॅथलिकांची नसावी. मैदानात हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती अशी सर्व मुले एकाच धुळीने माखतात. दाराशी जोडे ठेवले की सर्व सारखे. मुलींचे खेळ, लंगडी, फुगडी व दोरीवरच्या उड्या हेही खेळच होत. त्यांस कोपऱ्यात ढकलू नये. पुण्यास दिनकर केळकर नामक एका गृहस्थाने दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तू जमवून केवढे संग्रहालय उभारले ते पुष्कळांनी पाहिले आहे. त्याच पुण्यात क्रिकेटच्या चाहत्याने आपल्या छंदातून क्रिकेटचे संग्रहालय उभे केले आहे. दोन्हींचा आरंभ कोणा एकाच्या प्रीतीपासून झाला.

सातवे व अखेरचे, मैदान. हे मी निश्चून सांगतो. ज्या दिवशी पटांगणात मुले खेळावयाची थांबतील, त्या दिवशी ही खोली थडगे होईल. म्हणून नियम असा असावा की, रविवारी सायंकाळी आधी मैदान उघडावे, मग खोली. वृद्धांनी मुलांस विटी कोलावयास शिकवावे, मोजणी शिकवावी. मग आत जाऊन आपला तरुणपणीचा फोटो दाखवावा. जी स्मृती पुढच्या हातात जात नाही ती धूळ होते.

संत पौलाने करिंथकरांस लिहिताना धावपटूंचा दाखला दिला आहे, हे आपण जाणता. करिंथाजवळ तेव्हा मोठे सामने भरत, व विजेत्यास पानांचा मुकुट मिळे. पौलाने तो मुकुट कोमेजणारा म्हटला, पण धावणाऱ्यास हसला नाही. उलट त्याच्या शिस्तीचा आदर्श आपणापुढे ठेवला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० सालच्या महोत्सवी वर्षात रोमच्या ऑलिंपिक मैदानावर खेळाडूंसह पवित्र मिस्सा अर्पण केला. तेव्हा क्रीडांगण हे ख्रिस्तमंदिराचे वैरी नव्हे. दोन्हीकडे नियम पाळावा लागतो, पडल्यावर उठावे लागते, आणि एकट्याने काही साधत नाही.

माझी विनंती एवढीच. येत्या रविवारी प्रत्येक कुटुंबाने घरातील पेटी उघडावी. काही सापडले तर घेऊन यावे. काही न सापडले तर एखाद्या वृद्धाचा हात धरून त्यास घेऊन यावे. तो कोणत्याही वस्तूहून मोलाचा आहे. आणि ज्या म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो मी गमावला, त्यांच्या भावाचे नाव मला आठवते. नोंदवहीच्या पहिल्या पानावर, क्रमांक एकसमोर, वस्तू नसतानाही ते नाव मी लिहिणार आहे.

जो आपणा प्रत्येकास नावाने हाक मारतो, तो प्रभू आपणा सर्वांस आशीर्वाद देवो, आणि शेवटी सुखरूप घरी परत आणो. आमेन.